काळा कोट कुठं शिवायचा?

"लेस्टर म्हणजे कुठं आलं गं?" मागच्या आजींनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून विचारलं आणि श्रावणातला आमचा रविवार सत्कारणी लागला.

"लंडनच्या वर, आजी," बँकेवाल्या वहिनी म्हणाल्या. "आमचे धाकटे भाऊजी हायत नं तिथं. म्हणायलेत, पोरीची बारावी झाली की लगेच इकडं पाठवा. तीन वर्षांत वकील होऊन जाईल. तिकडं पाच वर्षं कशाला घालवता?"

आता हे वाक्य आमच्या भिंतीपाशी बोलायला नको होतं. आमच्या घरातले गृहस्थ जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना घरात गॅस संपलेला कळत नाही, पण कुणी "वकील" म्हटलं की पेपर खाली येतो, चष्मा वर जातो आणि आतून आवाज येतो, "कोण वकील?"

"तुम्ही बसा हो आत," मी म्हटलं. ते अर्थातच बाहेर आले, चहाचा कप घेऊनच.

"तीन वर्षांत पदवी मिळते, वहिनी. वकील होत नाही. ह्या दोन गोष्टी निराळ्या. तिकडं सॉलिसिटर व्हायचं तर पदवीनंतर एसक्यूई म्हणून परीक्षा आहे. 2021 पासून आली, दोन टप्प्यांची. शिवाय दोन वर्षं कामाचा अनुभव दाखवावा लागतो. बॅरिस्टर व्हायचं तर त्याचा वेगळा कोर्स, आणि मग एखाद्या ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये उमेदवारी. ती जागा मिळायची मारामार."

"आणि शिकून परत आली तर?"

"तर इथं पुन्हा पाटी-पेन्सिल." ह्यांना अशी संधी महिन्यातून एकदा मिळते, तिचं ते सोनं करतात. "आधी ते विद्यापीठ बार कौन्सिलनं मान्य केलेलं पाहिजे. ते असलं तरी परदेशी पदवीवाल्यांना कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा आहे. घटना, करार, कंपनी कायदा, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी प्रक्रिया, वकिलीची नीतिमत्ता. त्यात बारावीनंतर थेट तीन वर्षांची पदवी केली असेल तर कौन्सिल म्हणतं, आमचा अभ्यासक्रम पाचाचा, तुझी दोन कमी, ब्रिज कोर्स कर. हे सगळं झालं की सनद, आणि मग सगळ्यांसारखी ऑल इंडिया बार परीक्षा. करा बेरीज."

वहिनी दिवसभर कॅशची बेरीज करणाऱ्या बाई. मनातल्या मनात केली असावी, कारण त्या एकदम गप्प झाल्या.

आजींना मात्र ते पटलं नाही. "पण बॅरिस्टरचा मान येगळाच असतो बाई. आमच्या माहेरी म्हणायचे, वकील काय गावोगाव पडलेत, बॅरिस्टर एखादाच."

आजींचं खोटं नाही. तेव्हा त्या शिक्क्याला खरोखरच बाजारभाव होता. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत इथल्या परीक्षा दिलेल्या वकिलाला सहज उभं राहता येत नसे, विलायतेहून आलेला बॅरिस्टर मात्र सरळ आत जायचा. म्हणून माणसं घरदार गहाण टाकून बोटीवर चढायची. बाबासाहेबांचंच बघा. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 ला कोलंबियाला गेले, 1916 ला लंडनला येऊन ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 ला अर्धं टाकून परत यावं लागलं. 1920 ला पुन्हा गेले, 1922 ला बॅरिस्टर झाले, आणि मुंबईत वकिली सुरू करताना सनदेच्या पैशासाठी नवल भथेना ह्या मित्राकडं हात पसरावा लागला. एवढा सोस केला तो उगीच नव्हे, त्या काळी ते दार तिकडून सहज उघडत होतं. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं सगळ्यांना एका ओळीत आणलं. वकील, प्लीडर, बॅरिस्टर हे भेद गेले, उरला तो ॲडव्होकेट. भेद गेला तरी मान अजून लोकांच्या तोंडात आहे. लग्नपत्रिकेत अजून कुणाच्या तरी आजोबांच्या नावाआधी "बॅ." सापडतं. आम्ही कोण ते काढायला सांगणारे!

"आणि बायामाणसाला तर विलायतेहून येऊनही कुणी विचारलं नाही," मी मधेच घातलं. मला कॉर्नेलिया सोराबजीची गोष्ट फार आवडते. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेली पोर. पुण्यात शिकली, ऑक्सफर्डला गेली, 1892 मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली. अशी परीक्षा देणारी पहिली बाई. परत आली तर इथलं कोर्ट आत घेईना. मग तिनं काय केलं? मुंबई विद्यापीठाची एलएलबीची परीक्षा दिली, अलाहाबादची प्लीडरची दिली. ऑक्सफर्डची माणूस पुन्हा इथल्या परीक्षा देत बसली! तरी बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा व्हायला 1923 उजाडलं.

"मग तेव्हाही हेच होतं म्हणा की. तिकडून या आणि इथला पेपर पुन्हा सोडवा," वहिनी म्हणाल्या. बँकेतल्या माणसाला मुद्दा लवकर कळतो.

तेवढ्यात ह्यांना जर्मनी आठवली. परभणीच्या माणसाला ती आठवल्याशिवाय राहत नाही, कारण जगात जर्मनी आणि भारतात परभणी हे आम्ही पाळण्यातच ऐकतो. (दुसरीही एक म्हण आहे, "बनी तो बनी, नहीं तो परभणी". ती आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही.) "लेस्टरपेक्षा जर्मनी बरी," हे म्हणाले, "सरकारी विद्यापीठात फी जवळपास नाहीच. फक्त कायदा जर्मन भाषेत शिकायचा, मग सरकारची मोठी परीक्षा, मग दोनेक वर्षं कोर्टाकचेऱ्यांत उमेदवारी, मग दुसरी मोठी परीक्षा. आणि एवढं करून जो कायदा शिकली तो चालणार जर्मनीतच."

"अमेरिकेत?" आजींनी विचारलं. आजींना आता यादीच हवी होती.

"तिथं बारावीनंतर कायदा नाहीच. आधी कुठली तरी पदवी, मग तीन वर्षं."

मी ह्यांच्या हातातला कप काढून घेतला, म्हटलं आता दम खा.

खरी गोष्ट अशी आहे, आणि ती मला ह्यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कोर्टाच्या डब्यातून कळली, पुस्तकातून नाही. डॉक्टरला शरीर सगळीकडं सारखंच. लंडनचं अपेंडिक्स आणि मानवतचं अपेंडिक्स एकाच बाजूला असतं. कायद्याचं तसं नाही. तो गावागणिक बदलतो. परदेश राहू द्या, पुण्याचा वकील परभणीत आणून उभा करा, त्याचीही भंबेरी उडते. पुण्याकडं कुळकायदा 1948 चा मुंबईचा. आपल्याकडं 1950 चा हैदराबादचा. का? तर 1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत आपण निजामाचे, पुढं 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. राज्य गेलं, कागद राहिले. जमिनीच्या जुन्या वादात आपल्याकडं खासरा पत्रक निघतं, इनामी जमीन असली तर मुंतखब निघतो, आणि तो उर्दूत. मदतमाश जमीन म्हणजे काय, अतियातची चौकशी म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला पाथरीचा शेतकरी दुसऱ्या तारखेलाच बदलतो.

"आमच्या सासऱ्यांचे वकील होते नं," आजी म्हणाल्या, "त्यांचा मुन्शी असायचा. सगळं उर्दूत. आमच्या सासऱ्यांना कळायचं नाही, नुसती मान हलवायचे. खटला जिंकला का हरला हेपण मुन्शीच्या तोंडाकडं बघून कळायचं."

आजींचा काळ म्हणजे निजामी राजवटीत न्यायालयाची भाषा उर्दू असण्याचा. हैदराबादेत 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं वरपर्यंतचं शिक्षण उर्दूत दिलं जायचं. 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकले, तेव्हा त्यांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच, कायदा नागपुरात शिकले. म्हणजे कुठं शिकायचं हा प्रश्न आपल्याकडं निवडीचा फार थोडा आणि हकालपट्टीचा जास्त होता असंही म्हणता येईल. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ 1958 ला आलं. हायकोर्टाचं खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, 1981 ला बसलं. 1956 पासून तोवर अपील म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी, वकिलाची फी, लॉजचं भाडं. आमच्या ह्यांना अशी माणसं आठवतात, ज्यांनी निकाल मान्य केला तो न्याय वाटला म्हणून नव्हे, तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून.

"ते सगळं खरं," वहिनी म्हणाल्या, "पण आता पोरीला घालू कुठं ते सांगा की. भाऊजींना मला रातच्याला फोनवर उत्तर द्यायचंय."

मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हिशेब सुरू झाला. घरातून चालत जाण्यासारखं म्हणाल तर परभणीतच शिवाजी विधी महाविद्यालय आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखाली. नांदेडला आहे, लातूरला दयानंद आहे, संभाजीनगरला माणिकचंद पहाडे आहे. इथं सगळीकडं राज्याच्या सीईटीतून जायचं, आणि ती सीईटी मराठीतूनही देता येते. पुण्याचं आयएलएस 1924 चं, मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज 1855 चं, तेही ह्याच सीईटीतून. त्याच्या वर राष्ट्रीय विधी विद्यापीठं. महाराष्ट्रात तीन आहेत: मुंबई, नागपूर आणि आपलं संभाजीनगर. तिथं क्लॅट, डिसेंबरात. क्लॅट इंग्रजीतच. आणि त्यात कायदा कमी, वाचन जास्त. लांबलचक उतारे देतात आणि घड्याळ लावतात. आमच्याकडं मराठी माध्यमातल्या हुशार पोरी त्यातच अडतात. बुद्धी कमी असते असं नाही, इंग्रजी वाचायचा वेग कमी असतो. हा अन्याय आहे असं माझं मत. ह्यांचं मत निराळं आहे. ते म्हणतात, हायकोर्टाचे निकाल इंग्रजीतच वाचायचे आहेत, तर आत्ताच सवय लागू दे. आमच्या घरात ह्या खटल्याची तारीख पे तारीख चालू आहे.

"पण खाली तर मराठीच चालतं नं?" आजी.

"खालच्या कोर्टांची भाषा 1998 पासून मराठीच ठरलीय," हे म्हणाले. "कागदावर. प्रत्यक्षात वकील दोन्हींची भेळ करतात. साक्षीदाराला 'तुम्ही त्या वेळी घटनास्थळी प्रेझेंट होता काय' असं विचारतात, आणि तो म्हणतो, 'नाही साहेब, मी शेतात होतो.'"

पैशाचं वहिनींनीच काढलं. शैक्षणिक कर्जाच्या फायली त्यांच्याच टेबलावरून जातात. "साडेसात लाखाच्या वर तारण लागतं. लोक शेताचे कागद घेऊन येतात. शेतजमीन आम्ही ह्या कर्जाला सहसा धरत नाही, तर म्हणतात मग घर घ्या. तिकडची नुसती एका वर्षाची फीच वीस-पंचवीस लाख सांगतात. राहणं, खाणं वेगळं. आणि एजंट तर काय, मागच्या महिन्यात एक हॉल घेऊन बसला होता, सरबत दिलं, परत आल्यावरच्या परीक्षेचं एका शब्दानं बोलला नाही."

"आणि सरकार काही देतं का?"

देतं, पण कधी ते बघायला पाहिजे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी, वर्षाला 75 जागा. पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. बारावीच्या पोरीला तिचा उपयोग नाही. इतर प्रवर्गांच्याही तशाच योजना आहेत, त्याही पुढच्या शिक्षणाच्या. म्हणजे सरकारलाही हेच म्हणायचं असावं की पहिली पदवी घरची भाकरी खाऊन करा. उलट, इथं शिकणाऱ्या मुलींना 2024-25 पासून मोठी सवलत आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न, आर्थिक दुर्बल, एसईबीसी किंवा ओबीसी, आणि प्रवेश सरकारी फेरीतून झालेला असला तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी माफ. मॅनेजमेंट कोट्यातून घुसलं की माफी नाही. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांच्या मुलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजींनी तिथल्या तिथं नातवाला पळवलं, "जा, त्यांना म्हणावं भिंतीपाशी या."

गिरणीवाल्या काकू पीठ झटकतच आल्या. त्यांचा प्रश्न एकच, "पोरीला न्यायाधीश व्हायचंय. जज्ज. ते कसं?"

ह्यांचा चेहरा उजळला. न्यायाधीशांच्या टेबलाशेजारी आयुष्य गेलेला माणूस. "दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. परीक्षा एमपीएससी घेते. आधी पास झाल्या झाल्या बसता यायचं. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे. बरं झालं. मी असे न्यायाधीश पाहिलेत की ज्यांना दाव्यातली मुदत मागायला वकील खोटं बोलतोय हेही कळायचं नाही. पुस्तकात ते नसतं."

"तीन वर्षं? आणि त्यात कमवायचं काय?"

ह्यावर कुणी बोललं नाही. ज्युनिअर वकिलाची कमाई हा विषय आमच्याकडं आजारपणासारखा हळू आवाजात बोलतात. पहिली वर्षं सिनिअरच्या फायली वाहायच्या, तारखा लिहायच्या, एप्रिलच्या उन्हात काळा कोट घालून बार रूमच्या पंख्याखाली जागा धरायची. घरात दुसरी कमाई असेल त्याचंच निभतं. परभणीत असो की लंडनमध्ये, गरिबाच्या पोराला कायद्याच्या धंद्यात खरी अडचण कॉलेजची येत नाही, कॉलेजनंतरच्या ह्या वर्षांची येते. लेस्टरचे भाऊजी आणि आपण सगळे तीन का पाच ह्यावर भांडतोय, आणि त्यापुढच्या उपाशी तिनांचं कुणी बोलत नाही.

गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, "करील ती. पीठ दळून तिला शिकवलंच नं."

मग विषय आपोआप त्या पोराकडं गेला. तो परभणीत निघतोच. डिसेंबर 2024 मध्ये स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, गाव पेटलं, धरपकड झाली. त्यात धरलेला एक मुलगा कोठडीतच वारला. तो कायद्याचाच विद्यार्थी होता. त्याच्या आईनं कोर्टाचं दार सोडलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही तोच आदेश राहिला. आजींनी पदर तोंडाला लावला. "त्या बाईला कोर्टात काय कळालं असंल माय. इंग्रजीत बोलत असतील सगळे." ह्यांनी एवढंच म्हटलं, "खंडपीठ इथं संभाजीनगरला आहे म्हणून तरी पोचली."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग गिरणीवाल्या काकूंनी विचारलं, मुलीसाठी जुनी पुस्तकं मिळतील का कुणाकडं.

"जुनी घेऊ नका!" हे इतक्या जोरात म्हणाले की मांजर उडालं. "1 जुलै 2024 पासून सगळं बदललं. दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया बदलली, पुरावा कायदा बदलला. खून तीनशे दोन होता, तो एकशे तीन झाला. फसवणूक चारशे वीस होती, ती आता तीनशे अठरा."

"म्हंजे आता कुणाला चारशेवीस म्हणायचं नाही?" आजी खरोखरच हिरमुसल्या.

"म्हणा हो. तुम्हाला कोण अडवतंय."

आता माझं म्हणणं, मला कुणी विचारलं नाही तरी. पोरीला जिथं उभं राहायचंय तिथला कायदा आधी शिकू दे. लेस्टरमध्येच संसार करून सॉलिसिटर व्हायचं पक्कं असेल तर खुशाल तिकडं जावं, तिथल्या परीक्षा द्याव्यात, त्यात काही कमी नाही. पण "तिकडून शिकून येऊन इथं वकिली" हा जो मधला मार्ग भाऊजी सांगतात, तो सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत महागाचा. परदेश बघायचाच तर एलएलबी झाल्यावर बघावा. एक वर्षाचं एलएलएम, हवा तो विषय, तोवर शिष्यवृत्तीलाही पात्र. धनंजय चंद्रचूड हार्वर्डला गेले ते दिल्ली विद्यापीठाची एलएलबी खिशात घालून. शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचेच, तेही सरन्यायाधीश झाले. आता ह्यावर कुणी म्हणेल की चंद्रचूडांचे वडीलही सरन्यायाधीश होते, त्यांची गोष्ट वेगळी. असेल. म्हणून तर मी बोबड्यांचंही नाव घेतलं. पण त्यांचेही वडील मोठे वकील होते, हे ह्यांनी लगेच मागून सांगितलंच. काही माणसांना शिरस्तेदारीतून निवृत्त करता येत नाही.

ह्या सगळ्यात जिच्यावर खल चालला होता ती पोरगी कधीतरी गच्चीवरून खाली येऊन आईच्या मागं उभी राहिली होती. हातात मोबाइल.

"मी क्लॅटचा फॉर्म भरलाय," ती म्हणाली.

"कधी?"

"काल रात्री. फीपण भरली. तुझ्याच कार्डावरून, मेसेज आला असेल बघ. सीईटीचापण भरणार. मला संभाजीनगरचं मिळालं तर तिथं, नाही तर पहाडेला. खंडपीठ तिथंच आहे नं, सुट्टीत जाऊन बसता येतं मागं." मग आजींकडं वळून, "आजी, तुमच्याकडं सासऱ्यांचा मुंतखब आहे का अजून? मला बघायचाय. आमच्या वर्गातल्या एकीची आजी उर्दू वाचते."

आजी म्हणाल्या ट्रंकेत असेल, झुरळांनी ठेवला असेल तर. हे म्हणाले, मीपण येतो. दोघं निघालेही.

वहिनी फोनकडं बघत उभ्या. "पण मी रातच्याला भाऊजींना सांगू काय? त्यांनी तर माडीवरची खोली रंगवूनपण घेतली."

"सांगा," गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, "पाच वर्षांनी एलएलएमला येईल. तवर भाड्यानं द्या."